पटावर नाव आहे, मूल कुठे आहे?

अभ्यासलेख



काही महिन्यांपूर्वी एका मंडळीत कामाचा अहवाल सांगत असताना एका ज्येष्ठ सभासदांनी मला सरळ विचारले, "ताई, गावोगाव जिल्हा परिषदेची शाळा आहे. शिक्षक आहेत, पुस्तके फुकट आहेत, दुपारची खिचडी आहे. मग पारधी वस्तीवरच्या मुलांसाठी आम्ही वेगळे पैसे का द्यायचे?"

प्रश्न रास्त होता. मी तिथे जे उत्तर दिले ते अपुरे होते. म्हणून या अंकाच्या अभ्यासाला तोच विषय घेतला आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील सरकारी शाळा चालवते कोण, त्या चांगल्या चालवणे म्हणजे नक्की काय, आणि त्यात आपली जागा कोठे आहे? लेख आधी घरी वाचावा, मग महिला मंडळात किंवा तरुण संघात चर्चेला घ्यावा. शेवटी प्रश्न दिले आहेत.

१. शाळांची उतरंड

१९६१ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. खेड्यातील प्राथमिक शाळा तेव्हापासून जिल्हा परिषदेकडे आहेत. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि शाळा मोजक्या होत्या. आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांनी तिथे शिकवले, ही आठवण इथे अजून अभिमानाने सांगितली जाते. त्या दिवसांपासून आजच्या वाडी-तांड्यावरच्या शाळेपर्यंत जे काम झाले आहे ते मोठे आहे. टीका करण्याआधी हे मान्य करावे.

जिल्हा परिषदेचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतात. त्यांच्या हाताखाली प्राथमिक शाळांसाठी शिक्षणाधिकारी असतात. प्रत्येक तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या मदतीला विस्तार अधिकारी, त्यांच्या खाली काही शाळांचे मिळून एक केंद्र आणि त्याचे केंद्रप्रमुख, आणि शेवटी शाळेचे मुख्याध्यापक अशी ही उतरंड आहे. लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांची शिक्षण समिती वेगळी असते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, असते.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या हाती सगळे आहे असे आपल्याला वाटते. पण पाठ्यपुस्तके बालभारतीची असतात. शिक्षकांची पदे संचमान्यतेत ठरतात. बदल्या ग्रामविकास विभागाच्या धोरणाने होतात. समग्र शिक्षा योजनेचा पैसा केंद्राकडून ६० टक्के आणि राज्याकडून ४० टक्के येतो आणि तो कशावर खर्च करायचा हेही ठरलेले असते. मग त्यांच्या हाती उरते काय? कोणत्या शाळेला भेट द्यायची, बैठकीत पहिला प्रश्न कोणता विचारायचा आणि कोणत्या उत्तरावर समाधान मानायचे नाही, एवढे उरते. हे थोडे वाटेल, पण खालची सगळी माणसे त्याच प्रश्नाची तयारी करून बैठकीला येतात. साहेबांनी पट विचारला तर पट तयार ठेवला जातो. साहेबांनी न आलेल्या मुलांची नावे विचारली तर कोणाला तरी वस्तीवर जावे लागते.

निर्गमच्या १८व्या अध्यायातील इथ्रोचा सल्ला आपल्याला ठाऊक आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करीत बसलेला पाहून सासऱ्याने त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगितले. आपण हा भाग कामाची वाटणी म्हणून शिकवतो. पण त्यात दहांवरचा नायक सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो आपल्या माणसांना तोंडाने ओळखतो. आपल्या शाळांत तो नायक म्हणजे दोन शिक्षकी शाळेचे गुरुजी. त्यांना जे ठाऊक आहे ते हजारांवरच्या नायकापर्यंत पोचते का? वर फक्त आकडा मागितला, तर आकडाच वर जातो.

२. मोजणीचा दिवस

आपल्या जिल्ह्यात ३० सप्टेंबर म्हटले की १९९३ चा भूकंप आठवतो. शाळांच्या कारभारात या तारखेला दुसरा अर्थ आहे. या दिवशीच्या पटावरून शाळेला शिक्षकांची किती पदे मिळणार हे ठरते. म्हणून ३० सप्टेंबरचा पट फार काळजीने भरला जातो.

आता ऊसतोडीचे दिवस पाहा. उचल त्याआधीच घेतलेली असते. दसरा होतो आणि मुकादमाच्या गाड्या लागू लागतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघते आणि मागे सांभाळायला कोणी नसले तर मुलेही गाडीत बसतात. परत यायला गुढीपाडवा उजाडतो, कधी त्याहून उशीर होतो. म्हणजे ३० सप्टेंबरला मूल पटावर असते, नोव्हेंबरमध्ये फडात असते, आणि पटावर नाव तसेच राहते. दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. कागदावर कोणाचीच चूक नसते.

४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली. अनेक संस्थांनी तेव्हा आक्षेप घेतला की मुले मोजणीतून सुटली. आमच्या भागापुरते बोलायचे तर जुलैमध्ये ऊसतोड करणारी कुटुंबे गावातच असतात आणि त्यांची मुले शाळेच्या पटावर असतात. जुलैत विचारलेल्या प्रश्नाला नोव्हेंबरचे मूल सापडणार नाही.

मोजणीचे दुसरे उदाहरण मराठवाड्यातलेच आहे. नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातील शाळांची पटपडताळणी केली आणि खोटी नावे उघड झाली. त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत राज्यभर पडताळणी झाली. एका शाळेतील मुले दुसऱ्या शाळेत नेऊन बसवता येऊ नयेत म्हणून तेव्हाही बोटाला शाई लावली होती. लाखो नावांमागे मूलच नव्हते असे निघाले. वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः मोजायचे ठरवले की काय होते, हे त्यातून दिसले. पण त्या पडताळणीचा प्रश्न होता, "या नावाचे मूल आहे का?" आपल्या वस्त्यांसाठी प्रश्न उलटा विचारायला हवा: "या मुलाचे नाव कुठे आहे, आणि आज ते मूल कुठे बसले आहे?"

कायदा या प्रश्नाच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच आले म्हणूनही नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी नव्या शाळेने थांबवायचे नाही. मूल उशिरा शाळेत आले तर त्याला वयानुसार वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी खास शिकवणी द्यायची. आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश होईल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेवर, नावानिशी टाकली आहे.

३. आमची चूक

आता मला स्वतःबद्दल लिहायचे आहे.

पारधी समाज आपल्या राज्यात अनुसूचित जमातींमध्ये आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे त्याखाली अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी नजर गेली नाही. शेजारच्या सोलापूरला अशा जमातींना कुंपणात ठेवणारी सेटलमेंट होती आणि काही काळ तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. तिथे शाळा होती, काम होते, दवापाणी होते. चालवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण वेगळे ठेवून सुधारायचे ही कल्पना होती, आणि ती कुंपणासह आली होती. मिशनचे काम करणाऱ्या आपण हा इतिहास विसरू नये.

मी विसरले होते. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका पारधी वस्तीवर आम्ही सकाळचा वर्ग सुरू केला. पाट्या, गाणी, खाऊ. वीस-बावीस मुले येत. जिल्हा परिषदेची शाळा दीड किलोमीटरवर होती. तिथले मुख्याध्यापक दोनदा वस्तीवर आले आणि म्हणाले, "मॅडम, पोरं आमच्याकडं पाठवा. मी बघतो." मी म्हणाले, "इथे ती रमली आहेत, सर. तिथे त्यांना मागे बसवतात." ते बोलणे पूर्ण खोटे नव्हते. पारधी घरात पारधी बोली बोलतात. पहिलीच्या वर्गात मूल गप्प बसते आणि सगळे त्याला मंद समजतात. पण मी त्या गुरुजींबरोबर शाळेत जाऊन हे सोडवायला हवे होते. मी मुले माझ्याकडे ठेवली, कारण अहवालात ती माझी मुले होती.

मग २०२० आले. टाळेबंदीत वर्ग बंद पडला, पुढच्या वर्षी देणगीही थांबली. शाळा उघडल्यावर मी वस्तीवरच्या एका मुलीला घेऊन शाळेत गेले. ती अकरा वर्षांची होती, हुशार होती, बेरीज-वजाबाकी झटक्यात करायची. शाळेने विचारले, "आधी कुठं होती?" माझ्याकडे उत्तर नव्हते. चार वर्षे तिचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. शासनाच्या लेखी ती कधी शिकलीच नव्हती. शाळेने कायद्याप्रमाणे तिला पाचवीत घेतले. पण ओळखीचे कोणी नाही, वर्गातली मराठी पुस्तकी, आणि खास शिकवणी द्यायला मोकळा शिक्षक नाही. ती दिवाळीपर्यंत आली. नंतर आईबापाबरोबर गाडीत बसली. आता ती फडात दुसऱ्यांची तान्ही मुले सांभाळते.

तिकडे शाळेचा पटही आमच्यामुळे घसरला होता. पट वीसच्या खाली गेलेल्या शाळा दुसऱ्या शाळेत मिळवण्याची चर्चा आपण ऐकतोच. आमची वीस-बावीस मुले त्या पटावर असती तर त्या गुरुजींचे बोलणे वरच्या बैठकीत जड झाले असते.

त्या ज्येष्ठ सभासदांना मी हे सांगायला हवे होते. वेगळे पैसे देऊ नका असे मी म्हणत नाही. वेगळी शाळा चालवू नका, एवढेच म्हणते.

४. वर्षाचे कॅलेंडर

जिल्ह्याच्या शाळांचे नेतृत्व चांगले आहे की नाही हे आपण सामान्य माणसांनी कसे ओळखावे? धाराशिव जिल्हा २०१८ पासून देशातील आकांक्षित जिल्ह्यांमध्ये आहे. त्या कार्यक्रमात ३० टक्के भार शिक्षणाला आहे आणि जिल्ह्यांची क्रमवारी लागते. ती महत्त्वाची आहे. पण वस्तीवरून पाहायचे तर मला वर्षाचे कॅलेंडर जास्त सांगते.

जून. शाळा उघडताना शिक्षक वस्तीवर, तांड्यावर जातात का? सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाचे नाव दाखल्याची वाट न पाहता लिहिले जाते का? दाखल्याचे काम नंतर करता येते, गेलेला जून परत मिळत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर. यंदा कोणती कुटुंबे तोडीला जाणार याची यादी याच महिन्यांत व्हायला हवी. गावात ती सर्वांना ठाऊक असते, कारण उचल कोणी घेतली हे लपत नाही. यादी झाली की शाळा व्यवस्थापन समिती हंगामी वसतिगृहाचा ठराव करते आणि प्रस्ताव वर जातो. हे वसतिगृह म्हणजे मोठी इमारत नव्हे. आईबाप गेले तरी मूल गावातच आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची, अभ्यासाची व्यवस्था गावातल्या शाळेच्या आधाराने होते.

ऑक्टोबर. सारा खेळ इथे आहे. ताट गाडीच्या आधी लागले पाहिजे. दसऱ्यानंतर आई गाडीत बसताना मागे जेवणाची सोय दिसली तर ती मुलाला ठेवून जाते. मंजुरी दिवाळीनंतर आली तर वसतिगृह कागदावर उघडते आणि मुले तोवर शेकडो किलोमीटरवर असतात. योजना तीच, पैसा तोच, तीन आठवड्यांचा फरक. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या माणसाच्या हाती काय असते असे वर विचारले होते, त्याचे उत्तर हे तीन आठवडे आहेत.

नोव्हेंबर-डिसेंबर. वर्गातील डोकी मोजायला अधिकाऱ्यांनी याच महिन्यांत यावे. आणि जी मुले गेलीच त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड होते का? मूल कोणत्या इयत्तेत होते हे त्या कार्डावर असते. कारखान्याजवळच्या शाळेने त्यावर त्याला बसवून घ्यावे अशी व्यवस्था आहे. जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवून, फडातले मूलही शिकू शकते हे बऱ्याच आधी दाखवून दिले होते.

मार्च-एप्रिल. परत आलेल्या मुलाला शाळा काय म्हणते? "आता काय उपयोग, जूनमध्ये ये," की "ये, बस"? २०१७ पासून राज्यात बालरक्षक म्हणून अनेक शिक्षक स्वेच्छेने अशी मुले शोधून आणतात. अशा शिक्षकाची पाठ थोपटायला वरचा अधिकारी त्याच्या शाळेत येतो का, हेही मी पाहते.

५. आपली जागा

प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी आणि अध्यक्ष पालकांमधून निवडावा, असा नियम आहे. पारधी वस्तीवरची एक आई त्या समितीत बसली, तर उतरंडीच्या अगदी खालच्या गाडग्याला आवाज मिळतो.

गेल्या दोन वर्षांपासून आमचे काम असे बदलले आहे. सकाळचा वर्ग आम्ही पुन्हा उघडला नाही. वस्तीवरचीच एक बाई रोज मुलांना घेऊन दीड किलोमीटर शाळेत जाते आणि पहिलीच्या वर्गात थांबून पारधी बोली व मराठी यांमधला पूल होते. तिचे मानधन तुमच्या देणगीतून जाते. जन्मदाखल्यांसाठी आम्ही पालकांबरोबर कचेरीत बसतो. हिवाळ्यात आजीकडे राहणाऱ्या मुलांना पांघरुणे आणि कंदील देतो. शिकवणे शाळेचे, पट शाळेचा, कौतुकही शाळेचेच. अहवालात आमचे आकडे त्यामुळे लहान दिसतात. ते तुम्ही सोसावे अशी विनंती आहे.

मागच्या नोव्हेंबरात मी वस्तीवर गेले तेव्हा एका झोपडीपुढे म्हातारी एकटीच बसली होती. मी विचारले, "आजी, नात गेली का कारखान्यावर?" ती म्हणाली, "न्हाई बाई. आईबाप गेली. पोरगी साळंत हाय. दुपारी बघून ये." मी गेले. ती तिसऱ्या ओळीत बसली होती. हजेरी झाली होती आणि तिच्या नावापुढे खूण होती. तिच्या मागच्या दोन जागा रिकाम्या होत्या. गुरुजींनी त्या दोघांची नावे मला वही न बघता सांगितली, आणि ते कोणत्या कारखान्यावर गेलेत हेही सांगितले. हजारांवरच्या नायकाने येऊन विचारावे असे हेच उत्तर आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत जिल्हा परिषदेचे किती शिक्षक, केंद्रप्रमुख किंवा निवृत्त शिक्षक आहेत? त्यांच्या कामासाठी आपण शेवटची प्रार्थना कधी केली? त्यांना कोणती अडचण येते हे विचारले आहे का?

२. आपल्या गावातील शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आपल्यापैकी कोणी पालक जातो का? समितीत वस्तीवरचा पालक आहे का?

३. देणगी देताना आपल्याला आपल्या नावाची खोली, आपल्या नावाचा वर्ग हवासा वाटतो. असे का होते? नाव न लागणारी मदत करायला आपण तयार आहोत का?

४. आपल्या गावातून यंदा कोणती कुटुंबे तोडीला जाणार आहेत? त्यांच्या मुलांची यादी सप्टेंबर संपण्याआधी मुख्याध्यापकांच्या हाती कोण देणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर चर्चेत एका माणसाच्या नावाने द्यावे. "मंडळी बघेल" असे उत्तर घेऊ नये.